ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी असईमुळे मिळाली? फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

सप्टेंबर जवळ आला की ती पोस्ट पुन्हा फिरायला लागते. फॅमिली ग्रुपवर, गडकिल्ल्यांच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर, सगळीकडे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण मुद्दे तेच असतात. २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याकडच्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांना हरवलं म्हणून इंग्लंडच्या राजाने इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' ही वंशपरंपरागत पदवी दिली. भाऊ गव्हर्नर जनरल होता म्हणून ते सहज जमलं. वेलिंग्टन ही त्यांची पिढीजात जहागीर. मराठ्यांच्या लुटीच्या पैशातून तिकडे इस्टेट घेतली. आपण मात्र सांगलीच्या कॉलेजला त्याचंच नाव देऊन बसलो. वेलिंग्टनने स्वतःच कबूल केलं की असई ही वॉटर्लूपेक्षा, म्हणजे नेपोलियनला हरवलं त्या लढाईपेक्षा, कठीण होती. आणि शेवटी, आजही त्या घरातलं थोरलं मूल, मुलगा असो की मुलगी, आपोआप ड्यूक होतं आणि लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, जाऊन बसतं.

यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, एकदोन अर्धे खरे आहेत आणि बाकीचे चूक आहेत. वाईट याचं वाटतं की पोस्ट टाकणाऱ्यांच्या मनात असईबद्दल खरंच आस्था असते, तिथे मेलेल्या माणसांबद्दल आदर असतो, आणि तो आदर दाखवायला आपण एका इंग्रज ड्यूकच्या पदवीचा आधार घेतो, तोही चुकीच्या तारखांवर उभा असलेला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, जरा लांबलचक होईल.

आधी तारखा बघू, कारण पहिला मुद्दा तिथेच पडतो. असई १८०३. त्याआधी त्याच मोहिमेत ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला होता, असईनंतर २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव झालं, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, डिसेंबरातच भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. एवढं सगळं करून वेलस्लीला मिळालं काय? १८०४ साली त्याला 'ऑर्डर ऑफ द बाथ'चा नाइट केलं. म्हणजे नावाआधी 'सर' लागलं. पार्लमेंटने आभाराचा ठराव केला, कलकत्त्याच्या रहिवाशांनी तलवार दिली, अधिकाऱ्यांनी जेवणाच्या भांड्यांचा मोठा संच दिला. नाइटपद त्याच्यापुरतं, ते मुलाकडे जात नाही. वंशपरंपरागत असं काहीही त्याला भारतातल्या लढायांबद्दल मिळालं नाही.

१८०५ च्या मार्चमध्ये तो भारत सोडून गेला आणि १८०६ ला राय नावाच्या मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्सचा, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाचा, मेंबर झाला. ही एक गोष्टच खरं तर पुरेशी आहे, कारण ब्रिटनची वंशपरंपरागत लॉर्डकी मिळालेल्या माणसाची जागा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये असायची, त्याला कॉमन्समध्ये बसता यायचं नाही. असईनंतर तीन वर्षांनी वेलस्ली कॉमन्समध्ये बसलाय म्हणजे तो ड्यूक तर सोडाच, सगळ्यात खालच्या पायरीवरचा बॅरनसुद्धा नव्हता.

पायऱ्या पाच आहेत, खालून वर बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि सगळ्यात वर ड्यूक. वेलस्ली या पाचही चढला, पण सगळ्याच्या सगळ्या स्पेन आणि पोर्तुगालमधल्या नेपोलियनविरुद्धच्या युद्धात. १८०९ च्या जुलैअखेर स्पेनमध्ये तालाव्हेराची लढाई झाली, त्याबद्दल ४ सप्टेंबर १८०९ ला तो एकदम बॅरन डोरो आणि व्हायकाउंट वेलिंग्टन झाला. डोरो ही पोर्तुगालमधली नदी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने ती पोर्तो शहरापाशी ओलांडून फ्रेंचांना हाकललं होतं. १८१२ च्या जानेवारीत सिउदाद रोद्रिगो घेतलं, फेब्रुवारीत अर्ल ऑफ वेलिंग्टन. जुलै १८१२ ला सालामांका जिंकलं, त्याच वर्षी मार्क्विस ऑफ वेलिंग्टन. १८१३ ला व्हिटोरिया, १८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियनने पहिल्यांदा गादी सोडली आणि मे १८१४ ला वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असई आणि ड्यूकपद यांच्यात साडेदहा वर्षं, एक अख्खा खंड आणि एक वेगळंच युद्ध आहे.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. १८०९ पासून तो रणांगणावरच असल्यामुळे लॉर्ड्समध्ये एकदाही जाऊन बसला नव्हता. २८ जून १८१४ ला तो पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा बॅरनपासून ड्यूकपर्यंतच्या पाचही सनदा त्याच दिवशी, एकापाठोपाठ एक, वाचून दाखवल्या गेल्या. त्या पाच सनदा म्हणजे या पदवीचा सगळा इतिहास आणि त्यात असई नाही.

या पोस्टखाली कोणीतरी जाणकार हमखास लिहितो की "असई नाही हो, वॉटर्लूमुळे मिळाली." तेही चूक. वॉटर्लू १८ जून १८१५ ला झालं, तेव्हा त्याला ड्यूक होऊन वर्ष उलटून गेलं होतं. वॉटर्लूनंतर ब्रिटनने त्याला वरची पदवी दिली नाही कारण वर पायरीच उरली नव्हती. 'प्रिन्स ऑफ वॉटर्लू' ही पदवी त्याला नेदरलँड्सच्या राजाने दिली. स्पेनने १८१२ लाच सिउदाद रोद्रिगोचा ड्यूक केलं होतं आणि पोर्तुगालने त्याच वर्षी 'ड्यूक ऑफ व्हिक्टरी', म्हणजे विजयाचा ड्यूक.

आता कोणी म्हणेल की ठीक आहे, तारखा पुढच्या आहेत पण मनात असईच असेल, इंग्रजांना हिंदुस्थानातल्या लढाईचं नाव पदवीत घालायचं नसेल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथे जरा थांबते, कारण मराठ्यांच्या पराभवावर मिळालेली वंशपरंपरागत पदवी खरोखरच आहे. ती आहे जेरार्ड लेकची. वेलस्ली दख्खनमध्ये लढत होता तेव्हा हा लेक उत्तरेत शिंद्यांच्या फौजांशी लढत होता. अलीगढचा किल्ला, मग ११ सप्टेंबर १८०३ ला दिल्लीची लढाई, मग आग्रा, मग १ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवारी. आणि १८०४ साली, ज्या वर्षी वेलस्लीला नुसतं 'सर' मिळालं त्याच वर्षी, लेक 'बॅरन लेक ऑफ दिल्ली अँड लासवारी' झाला! १८०७ ला त्याचाच व्हायकाउंट केला. पदवीतच दिल्ली आणि लासवारी. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना त्याच्यावर पोस्ट कोणी करत नाही कारण लेक पुढे वॉटर्लू जिंकला नाही, त्याच्या नावाने कुठल्या देशाची राजधानी नाही.

एकाच युद्धात दोघांना वेगवेगळं का मिळालं याचंही कारण साधं आहे. लेक हा हिंदुस्थानातल्या सगळ्या ब्रिटिश फौजांचा कमांडर-इन-चीफ होता. वेलस्ली त्या वेळी मेजर जनरल, त्याच्यावर मद्रासचा सेनापती जनरल स्टुअर्ट होता. त्या काळच्या हिशोबात लॉर्डकी मुख्य सेनापतीला जायची आणि हाताखालच्याला नाइटपद, मग मैदानात रक्त कुणी जास्त सांडलं हे बाजूला. लासवारीबद्दल लेकने स्वतः लिहून ठेवलंय की समोरचे लोक राक्षसांसारखे, किंबहुना वीरांसारखे लढले आणि इतक्या भयंकर प्रसंगात आपण आयुष्यात कधी सापडलो नव्हतो. ते लोक शिंद्यांच्या कवायती पलटणींमधले होते, त्यांचे बरेचसे युरोपियन अधिकारी युद्धाच्या तोंडावरच त्यांना सोडून गेले होते आणि तरी ते तोफा सोडून हलले नाहीत. मराठ्यांच्या फौजेबद्दल अभिमानाने काही शेअर करायचं असेल तर हे करा ना.

लेकचं घराणं फार टिकलं नाही, १८४८ ला तिसरा व्हायकाउंट वारला आणि पदवी संपली.

आणि लेक एकटा नाही. इंग्रजांना हिंदुस्थानी गावांची नावं पदवीत घालायला काही अडचण नव्हती, उलट हौस होती. श्रीरंगपट्टणचा वेढा ज्याच्या हुकमतीखाली झाला तो जॉर्ज हॅरिस, त्याला लॉर्डकी मिळायला १८१५ उजाडलं, टिपू पडल्यावर तब्बल सोळा वर्षांनी, आणि तरी पदवीत 'श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर' लिहिलंच. म्हणजे उशिरा दिली तरी ज्या लढाईसाठी दिली तिचं नाव घालायची रीत होती. कॉम्बरमिअर नावाच्या सेनापतीला भरतपूर मिळालं, गफ नावाच्या सेनापतीला गुजरात मिळालं, आपलं नाही, पंजाबातलं. हॅरिसचा पणतू, चौथा लॉर्ड हॅरिस, १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता, आणि मुंबईतल्या शाळांची ती हॅरिस शील्ड, जिच्यात १९८८ ला सचिन आणि कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली, ती याच्याच नावाची. एवढा थेट धागा आपल्या समोर आहे पण त्याबद्दल कधी पोस्ट दिसली नाही.

तर असई पदवीत घालायची असती तर घातली असती. मग असईचं नाव गेलं कुठे? पलटणींच्या निशाणांवर. त्या लढाईत लढलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या हायलँड पलटणींना आणि १९ व्या लाइट ड्रगून्स या घोडदळाला हत्तीचं चित्र आणि 'असई' असं लिहिलेला खास मान मिळाला, मद्रासच्या देशी पलटणींनाही मिळाला, आणि आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर जो हत्ती दिसतो तो असईचा हत्ती. हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते, कारण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मेलेले बहुतेक लोक इथलेच होते.

आता भावाचा मुद्दा. "भाऊ गव्हर्नर जनरल होता म्हणून पदवी मिळाली." यात अर्धं खरं आहे ते आधी सांगते. थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल होता आणि आर्थरला हिंदुस्थानात ज्या मोठ्या जबाबदाऱ्या मिळाल्या, श्रीरंगपट्टणचा कारभार किंवा दख्खनची मोहीम, त्यात भावाचा हात होता हे कोणी नाकारत नाही, त्या वेळचे अधिकारीसुद्धा यावर नाराज होते. पण पदवीचं म्हणाल तर भावाला स्वतःलाच मनासारखी मिळाली नाही. टिपू पडल्यावर १७९९ ला रिचर्डला 'मार्क्विस वेलस्ली' केलं, पण आयर्लंडच्या यादीतला मार्क्विस. आयरिश पदवी इंग्लंडच्या पदवीपेक्षा कमी मानली जायची, तिच्यामुळे लंडनच्या लॉर्ड्समध्ये जागा मिळत नसे, आणि हा अपमान त्याने मनाला इतका लावून घेतला की सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा मिळाला असं म्हणाला. पुढे त्याच्या युद्धांचा खर्च बघून कंपनीचे डायरेक्टर वैतागले, १८०५ ला तो परत गेल्यावर पार्लमेंटमध्ये त्याच्यावर आरोपपत्र आणायचा प्रयत्न झाला, आणि धाकटा आर्थर कॉमन्समध्ये गेला त्याचं एक कारण तिथे उभं राहून भावाची बाजू मांडणं हे होतं. म्हणजे १८०६ मध्ये भाऊ हा आधार नव्हता, ओझं होता. १८०९ च्या डिसेंबरात रिचर्ड परराष्ट्रमंत्री झाला खरा पण पहिली पदवी त्याआधीच मिळून गेली होती, आणि अर्ल-मार्क्विस-ड्यूक या वरच्या तिन्हींच्या वेळी भाऊ मंत्रिपदातून बाहेर पडलेला किंवा पडत होता. रिचर्डला औरस मुलगा नव्हता, १८४२ ला तो वारला आणि मार्क्विस वेलस्ली ही पदवी त्याच्याबरोबर गेली. गव्हर्नर जनरलची पदवी एका पिढीत संपली आणि धाकट्याची आजही चालू आहे.

पिढीजात जहागिरीचा मुद्दा पटकन संपवते कारण त्यात फार काही नाही. हे घराणं मुळात आयर्लंडमधलं, खरं आडनाव कॉली. आर्थरच्या आजोबांना १७२८ ला वेस्ली नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली म्हणून त्यांनी ते आडनाव घेतलं, १७४६ ला ते बॅरन मॉर्निंग्टन झाले, वडील गॅरेट १७६० ला अर्ल झाले, दोन्ही आयरिश. वडील संगीतकार होते, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापक. आर्थरसुद्धा तरुणपणी 'वेस्ली' अशीच सही करायचा, वेलस्ली हे रूप १७९८ च्या सुमारास आलं. आणि वेलिंग्टन? ते इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं एक गाव. १८०९ ला पदवी द्यायचं ठरलं तेव्हा आर्थर स्पेनमध्ये होता, विचारायला वेळ नव्हता, म्हणून दुसरा भाऊ विल्यम याने नकाशात बघून वेलस्लीशी मिळतंजुळतं नाव आणि वेलस्ली नावाच्या ठिकाणाजवळचं गाव म्हणून वेलिंग्टन निवडलं. जमीन तिथे नंतर घेतली. १६ सप्टेंबर १८०९ ला आर्थरने पहिल्यांदा 'वेलिंग्टन' अशी सही केली. त्याच्या बायकोला, किटीला, ते नाव आवडलं नव्हतं कारण त्यातून काहीच आठवत नाही असं तिचं म्हणणं. पदवी असईसाठी असती तर आठवायला असई होतीच की. म्हणूनच असईच्या पोस्टवर "वेलिंग्टनने कैलना नदी ओलांडली" वगैरे लिहिलेलं असतं ते खटकतं, असईला वेलिंग्टन नावाचा माणूसच नव्हता, मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता.

लुटीचा आणि इस्टेटीचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा कारण इथे "सगळं खोटं" म्हणून हात झटकणं बरोबर नाही. वेलस्ली हिंदुस्थानात आला तेव्हा त्याची परिस्थिती बेताची होती, किटीच्या घरच्यांनी याच कारणाने पूर्वी त्याला नकार दिला होता. परत गेला तेव्हा त्याच्याकडे चाळीस हजार पौंडांच्या वर पैसा होता, त्यात श्रीरंगपट्टणच्या लुटीतला वाटा होता, दख्खनच्या मोहिमेतला होता. १८०६ ला लग्न झालं ते या पैशावर आणि नावावर. म्हणजे हिंदुस्थानने त्याला उभं केलं हे शंभर टक्के खरं आहे. अधिकाऱ्यांनी दिलेला तो भांड्यांचा संच, त्याला 'डेक्कन सर्व्हिस' म्हणतात, आजही लंडनच्या ॲप्स्ली हाउसमध्ये आहे.

पण पोस्टमध्ये जी इस्टेट म्हटलीय ती हँपशरमधली स्ट्रॅटफील्ड से. ती १८१७ ला घेतली आणि पैसे पार्लमेंटने मंजूर केलेले. सालामांकानंतर १ लाख पौंड, १८१४ ला ड्यूक झाल्यावर ४ लाख, वॉटर्लूनंतर आणखी २ लाख. त्या इस्टेटीबद्दल दर वर्षी १८ जूनपर्यंत ड्यूकने विंडसरला राजाकडे फ्रान्सचा छोटा तिरंगी झेंडा नेऊन द्यायचा, हा तिचा खंड, म्हणजे वर्षाचं भाडं, आणि अजून चालू आहे. खंड म्हणून फ्रेंच झेंडा आहे, जरीपटका नाही, यावरून इंग्रज ही पदवी आणि इस्टेट कशाचं बक्षीस समजतात ते कळतं.

लुटीचा गोंधळ कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. १८१७-१८ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धातली लूट, तिला 'डेक्कन प्राइझ' म्हणतात, तिच्या वाटपावरून इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं, एकीकडे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचं सैन्य, दुसरीकडे जनरल हिस्लॉपचं, कोणाला किती. त्या पैशाचे विश्वस्त म्हणून जे दोघं नेमले त्यातला एक ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. लूट पेशवाईची, कागदावर नाव वेलिंग्टनचं, मग वाचणाऱ्याला वाटणारच की याने खाल्ली. त्या युद्धात तो लढला नव्हता, युरोपात होता, त्याचं काम वाटपाचं होतं. पेशव्यांचा खजिना इंग्रजांनी नेला हे दुःख खरंच आहे, फक्त तो स्ट्रॅटफील्ड सेला गेला नाही.

सांगलीचं कॉलेज. हे वाचून सांगली-मिरजकरांना किती त्रास होत असेल! विलिंग्डन कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ ला काढलं आणि नाव आहे लॉर्ड विलिंग्डनचं, जो १९१३ ते १९१८ मुंबईचा गव्हर्नर होता आणि पुढे १९३१ ते १९३६ व्हाइसरॉय. माणूस वेगळा, शतक वेगळं, पदवी वेगळी. याचं मूळ नाव फ्रीमन फ्रीमन-थॉमस, आणि विलिंग्डन हे ससेक्समधलं गाव. १९१० ला बॅरन, १९२४ ला व्हायकाउंट, १९३१ ला अर्ल, १९३६ ला मार्क्विस, हाही एकेक पायरी चढत गेला, पण प्रशासनातल्या कामावर. मुंबईचा विलिंग्डन क्लब याचाच. १९७९ ला त्याचा मुलगा दुसरा मार्क्विस वारला आणि ती पदवी बंद झाली. मुंबईत खऱ्या वेलिंग्टनची आठवण बघायची असेल तर ती रीगल सिनेमासमोर आहे, वेलिंग्टन फाउंटन, १८६५ सालचं, त्याच्या १८०१ आणि १८०४ मधल्या मुंबई भेटींची आठवण म्हणून बांधलेलं. रोज हजारो लोक त्याला वळसा घालून जातात.

आता तो मुद्दा जो बराचसा खरा आहे. उतारवयात त्याला कोणीतरी विचारलं की लढाईच्या बाबतीत तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर त्याने एका शब्दात "असई" सांगितलं, अशी आठवण त्याच्या ओळखीच्या माणसाने नोंदवून ठेवलीय आणि इतिहासकार ती मानतात. पण प्रश्न 'सगळ्यात चांगलं' असा होता, 'सगळ्यात कठीण' असा नव्हता. वॉटर्लूबद्दल त्याने लढाईनंतर लगेच सांगितलेलं वेगळं आहे, की इतकी निसटती, अगदी काठावरची गोष्ट कोणी पाहिली नसेल. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी आहेत, एकावर दुसरं चढवायची गरज नाही.

आणि त्याने असई का म्हटलं असेल हे तिथला नकाशा बघितला की कळतं. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत शिंदे-भोसल्यांची फौज, पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाने तयार केलेल्या पलटणी, शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीची दुसरी तुकडी कर्नल स्टीव्हन्सनबरोबर लांब होती. वाटाडे म्हणत होते नदीला उतार नाही, पण त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ठरवलं की इतक्या जवळच्या दोन गावांमध्ये उतार असणारच. होता. तिथून तो पलीकडे गेला तर पोलमानने अख्खी रांग फिरवून त्याच्यासमोर उभी केली, हे कवायती फौजेलाच जमतं. तोफांनी त्याच्या लोकांची दाणादाण केली, रांग मोडल्यावरही गोलंदाज तोफांजवळ पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून मारा केला. वेलस्लीचा एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी ९८ तोफा हातात आल्या पण त्याचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, पाठलाग करायची ताकद उरली नव्हती. नेपोलियन पुढे त्याला 'शिपायांचा जनरल', म्हणजे नुसत्या हिंदुस्थानी सैनिकांचा सेनापती, म्हणून हिणवायचा, आणि त्या शिपायांच्या जोरावर आणि शिंद्यांच्या तोफखान्यासमोर तो जे शिकला ते पुढे स्पेनमध्ये कामी आलं असं म्हणणारे बरेच अभ्यासक आहेत, मलाही तसंच वाटतं. असईचं महत्त्व सांगायला हे भरपूर आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, थोरलं मूल आपोआप ड्यूक. ब्रिटनच्या या सनदेत वारसा फक्त पुरुष वंशजांकडून पुरुषांकडे जातो, मुलगी कितीही थोरली असली तरी ड्यूक होत नाही. पहिला ड्यूक १८५२ ला गेला, मग मुलगा, त्याला मूल नव्हतं म्हणून १८८४ ला पुतण्या, १९०० ला त्या पुतण्याचा भाऊ, असं ते फिरत फिरत गेलंय, सरळ रेषेत नाही. सध्या नववे ड्यूक आहेत. लॉर्ड्समधलं म्हणाल तर १९९९ च्या कायद्यापासून नुसत्या वारशावर आपोआप मिळणारी जागा गेलीच.

मुलीचा प्रश्न या घराण्यात खरोखर एकदा आला होता. सहावा ड्यूक हेन्री दुसऱ्या महायुद्धात कमांडो तुकडीबरोबर लढताना सप्टेंबर १९४३ ला इटलीत सालेर्नोजवळ मारला गेला. तो अविवाहित होता. त्याला बहीण होती, पण ब्रिटनची पदवी तिला सोडून काकाकडे, जेराल्डकडे, गेली, जो आर्किटेक्ट होता. स्पेनचा कायदा मात्र वेगळा, तिथे मुलीलाही वारसा मिळतो, त्यामुळे त्याच दिवशी सिउदाद रोद्रिगोची ड्यूक पदवी काकाकडे न जाता बहिणीकडे, ॲनकडे, गेली. १८१४ पासून एकाच माणसाकडे असलेल्या दोन पदव्या सहा वर्षं दोन माणसांकडे होत्या, १९४९ ला तिने स्पेनची पदवी काकांच्या नावे सोडून दिली तेव्हा त्या परत एकत्र आल्या.